बिब्ब्याची खूण

पहिलीच्या वर्गात अ होता अननसाचा.
गंगाखेडात अननस कुणी पाहिलेला नव्हता.
मुंजा म्हणाला, सर, हे जळालेलं कणीस आहे.
अफरोज म्हणाला, बॉम्ब.
मी खडूनं अ गिरवत राहिलो,
आणि आशामती नागनाथ परीट, हजेरी क्रमांक चार,
फळ्याकडे पाठ करून
मुंजाची कॉलर वाचत बसली होती.

वाचत, हे मी आज म्हणतो.
तेव्हा म्हणालो होतो, खोड्या काढायलीस का गं?

नाही सर. ह्याचा शर्ट ह्याचा नाही.
दोन टिंबं, खाली आडवी रेघ.
हे मोंढ्यातल्या मापाड्याचं घर.

मुंजा कानापर्यंत लाल.
शर्ट आतेभावाचा होता, दिवाळीनंतरचा.

मग ती बसकरपट्टीवरून वाकत वाकत
अख्खा वर्ग वाचत गेली.
फुली म्हणजे दवाखान्यामागची गल्ली.
फुलीला शेपूट असलं तर घर तेच, पण माडीवरचे भाडेकरू.
तीन ठिपके म्हणजे तीन भाऊ.
थोरला वेगळा निघाला तेव्हा
त्याचा ठिपका उचलून रेघेपलीकडे ठेवला,
म्हातारीच्या लुगड्याला मात्र अजून तिन्ही ठिपके,
कारण ती महिन्या-महिन्याला घर बदलती.

एवढं नेमकं वाटणीपत्र
मी तहसिलातही वाचलेलं नाही.

कशानं काढता गं ह्या?
बिब्ब्यानं. सुई खुपसायची, खूण काढायची, वरून चुना.
कापड फाटतं सर, खूण जात नाही.
तिच्या अंगठ्याजवळ बिब्बा उतला होता,
हरभऱ्याएवढा काळा डाग.

तर आम्ही अननस सोडला.
चार दिवस फळ्यावर ठिपके, फुल्या, शिंगं, आकडे.
पाट्यांवरून चिठ्ठ्या फिरू लागल्या:
फुलीनं दोन टिंबांची पेन्सिल घेतली.
चंद्रकोर रडती आहे.
मुख्याध्यापक दारात थबकले,
हे काय चाललंय, चोरांची लिपी?
मी म्हणालो, भाषा. तिसरा तास.

माझी खूण कोणती, हे विचारायचं धाडस
मी शनिवारी केलं.
वाकडी काठी, सर. तुमच्या बाबांची आहे ती.
ते गेले तरी आमचे आबा म्हणाले, मोडायची नाही.
वरचं टिंब तेवढं तुमचं.

(घरी जाऊन मी सदरा उलटा करून पाहिला.
टिंब होतं. अकरा वर्षं मानेवर होतं.)

आणि तुमच्या घराची?

आमच्या कपड्याला नसती, ती म्हणाली,
जसं कुणी सांगावं, आमच्याकडे आज पाणी आलं नाही.
सगळ्यांचे वाटून झाले
की बिनखुणेचे उरतात, ते आमचे.

काहीतरी बोलायला हवं होतं.
घंटा झाली. पोरं दप्तरांसकट उधळली.

पुढच्या आठवड्यात आ आला.
पुस्तकात आंबा होता, मी आशामतीचा म्हणालो.
अ ला काना दिला तशी ती मान वाकडी करून म्हणाली,
ही तर दोरीची मेढ. एक अजून रोवली
तर वाळत घालता येईल.
वर्ग हसला. तिनं हसून घेतलं
आणि पाटी थुंकीनं पुसून तेच पुन्हा काढलं,
पुन्हा काढलं.

सोमवारी नागनाथ दारात उभा,
हातात पोरीचा निळा फ्रॉक, नदीच्या पाण्याचा वास.
सर, गावातली प्रत्येक खूण मला तोंडपाठ,
ही कुण्या घराची तेवढं सांगा.
पोरगी सांगंना. बोट मात्र भाजून घेतलंय.

मी कॉलर उजेडाकडे धरली.
अंगात फ्रॉक तसाच ठेवून, मागे हात वळवून,
न बघता काढलेला असणार.
मेढ डाव्या बाजूला, पोट भलतीकडे,
चुना जास्त झालेला.

चूक दुरुस्त करणं ही माझी नोकरी.
मी फ्रॉकची घडी घातली, त्याच्या हातात दिली,
आणि म्हणालो, तुमच्याच.